स्की रिसॉर्ट कसं निवडावं: गटातल्या सर्वांत नवख्या माणसापासून सुरुवात करा

रिसॉर्टच्या जाहिरातीत दोन आकडे हमखास ठळक छापलेले असतात: एकूण किती किलोमीटरचे उतार आहेत आणि डोंगरावर वर नेणारी सर्वांत उंच लिफ्ट किती मीटरपर्यंत नेते. पहिल्यांदा स्कीइंगला निघालेली मंडळी या आकड्यांवर भाळून एखादं अवाढव्य, नामांकित ठिकाण पक्कं करतात आणि आठवडाभर त्यातल्या दोन-तीन उतारांवरच घसरत राहतात. पैसे मात्र सगळ्या डोंगराचे मोजलेले असतात.

माझं ठाम मत आहे की रिसॉर्ट गटातल्या सर्वांत नवख्या माणसाच्या सोयीने निवडावं. ज्याला स्कीइंग चांगलं येतं तो मध्यम आकाराच्या डोंगरावरही रमतो. नवख्याला मात्र चुकीचा डोंगर मिळाला, तर दुसऱ्याच दिवशी तो बूट काढून ठेवतो आणि पुन्हा कधी स्कीला हात लावत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विचारावर बेतल्या आहेत.

पायरी १: सोबत कोण आहे ते लिहून काढा

प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा. आधी कधी स्कीइंग केलंय का, कोणत्या रंगाचा उतार न घाबरता उतरता येतो (उतार किती अवघड हे रंगावरून कळतं; रंगांचा अर्थ पायरी २ मध्ये आहे), वय किती, आणि गुडघ्याचं किंवा पाठीचं काही दुखणं आहे का. जो स्कीइंग करणारच नाही, त्याचंही नाव यादीत हवं, कारण त्याचेही सात दिवस तिथेच जायचे आहेत. गटात कोणी स्नोबोर्डवाला, म्हणजे दोन स्कींऐवजी एकाच रुंद फळीवरून घसरणारा, असेल तर तेही नोंदवा. अमेरिकेतल्या युटामधल्या अल्टा आणि डिअर व्हॅली या दोन्ही प्रसिद्ध ठिकाणी स्नोबोर्डला परवानगीच नाही, आणि तिकीट काढल्यावर हे कळण्यात अर्थ नसतो.

आता पूर्ण नवशिक्याचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. स्कीचे बूट टणक असतात, त्यात घोटा वाकत नाही, त्यामुळे चालताना टाच आधी टेकवत सावकाश पाऊल टाकावं लागतं. खांद्यावर दोन स्की, हातात काठ्या. दहा मिनिटं असं चाललं तरी जाड जॅकेटच्या आत घाम फुटतो. मग जवळजवळ सपाट अशा पांढऱ्या पट्ट्यावर इन्स्ट्रक्टर आधी एकच स्की पायात घालायला लावतो, मग दुसरी. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कसा कमी करायचा, हे शिकण्यात सकाळ जाते. वर जायला सरकता पट्टा असतो, त्यावर नुसतं उभं राहायचं. दुपारपर्यंत तीस-चाळीस मीटर उतरून स्वतःहून थांबता आलं, तर दिवस उत्तम गेला असं समजावं.

या माणसाला सहाशे किलोमीटरच्या उतारांचा काय उपयोग? त्याला लागतं ते वेगळंच. शिकाऊ जागा मोकळी आणि कुंपणाने वेगळी काढलेली हवी, तिच्यामधून पटाईत लोक सुसाट खाली येता कामा नयेत. सरकते पट्टे हवेत, कारण दोरीला किंवा दांडीला धरून ओढत नेणाऱ्या जुन्या लिफ्टवर नवशिके उतारापेक्षा जास्त वेळा पडतात. शिकाऊ लिफ्ट फुकट असाव्यात किंवा त्यांच्यापुरता वेगळा स्वस्त पास मिळावा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शिकाऊ पट्ट्यानंतरची पायरी: एखादा लांब, रुंद, मंद उतार. अनेक ठिकाणी शिकाऊ जागा छान असते, पण तिच्यानंतर एकदम तीव्र उतार सुरू होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस तिथेच अडकतो.

पायरी २: उतारांचा नकाशा खालून वर वाचा

प्रत्येक रिसॉर्ट आपला उतारांचा नकाशा वेबसाइटवर ठेवतं. तो मोठा करून बघा आणि सुरुवात गावापासून करा. गावात येणाऱ्या रेघा कोणत्या रंगाच्या आहेत? तिथून बोट वर वर न्या आणि सोप्या रंगाची अखंड रेघ कुठपर्यंत जाते ते पाहा. ती मध्येच तुटून लाल किंवा काळी होत असेल, तर नवख्याला तिथून लिफ्टने परतावं लागेल. मग त्या लिफ्टने खाली येता येतं का, हे तपासायचं. गोंडोला म्हणजे बंद डबा असेल तर बहुधा येता येतं. चेअरलिफ्टने, म्हणजे उघड्या खुर्च्यांच्या लिफ्टने, मात्र अनेक ठिकाणी खाली येऊ देत नाहीत.

फ्रान्समधलं व्हाल दीझेर याचं चांगलं उदाहरण आहे. वरच्या भागात सोपे, रुंद उतार आहेत, पण गावात उतरणाऱ्या वाटा तीव्र आहेत. सराईत माणसाला त्याची मजा वाटते. नवख्याने संध्याकाळी लिफ्टने खाली यायचं हे आधीच ठरवून ठेवलं, तर त्याचंही काही बिघडत नाही. अडचण होते ती हे ठाऊक नसलं की. दुपारी चारच्या सुमाराला सगळे एकाच वेळी गावाकडे निघतात, दिवसभर घासून उतार कुठे गुळगुळीत बर्फाचा तर कुठे ढिगाऱ्यांचा झालेला असतो, मांड्या थकलेल्या असतात. माझ्या मते दिवसाचा हा शेवटचा उतार रिसॉर्ट निवडताना सर्वांत जास्त वजनाचा धरावा.

रंगांची पद्धत सगळीकडे सारखी नाही, हेही लक्षात ठेवा. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याहून सोपा हिरवाही असतो. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे फक्त तरबेजांसाठी. म्हणजे ऑस्ट्रियातला निळा उतार नवशिक्यासाठी असतो आणि कोलोरॅडोतला निळा त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी. शिवाय रंग ठरवताना प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच डोंगरावरच्या इतर उतारांशी तुलना करतं. त्यामुळे एका ठिकाणचा लाल दुसऱ्या ठिकाणच्या निळ्यासारखा निघू शकतो.

किलोमीटरच्या आकड्याबद्दलही सांगायला हवं. ख्रिस्तोफ श्राहे या जर्मन सल्लागाराने युरोपातले उतार स्वतंत्रपणे मोजले, तेव्हा अनेक रिसॉर्टचे जाहीर आकडे फुगवलेले निघाले. काहींनी उताराची सरळ लांबी न धरता वळणं घेत उतरताना पडणारं अंतर मोजलं होतं. म्हणून मी एकूण आकड्याकडे फारसं बघत नाही. आपल्या गटाला उतरता येतील असे उतार किती आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत का, एवढंच बघते. शामोनीचं नाव जगभर गाजलेलं आहे, पण तिथली स्की क्षेत्रं दरीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली आहेत आणि एकातून दुसरीकडे जायला बहुतेक वेळा बस धरावी लागते. याउलट इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतात सेला पर्वतसमूहाभोवती सेलारोंडा नावाची फेरी आहे. लिफ्ट धरून सुमारे चाळीस किलोमीटरची ही फेरी मध्यम दर्जाचा स्कीअर एका दिवसात पूर्ण करतो, दोन्हींपैकी कोणत्याही दिशेने. निळ्या-लाल उतारांवर सराव झालेल्या आणि रोज नवीन देखावा हवा असलेल्या गटाला मी हेच सुचवेन.

पायरी ३: उंची बघा, पण कोणाची ते समजून

साधारणपणे दर हजार मीटर उंचीला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे माथ्यावर भुरभुर बर्फ पडत असताना हजार मीटर खाली गावात पाऊस असू शकतो. म्हणून जाहिरातीतल्या सर्वांत उंच टोकापेक्षा गावाची उंची आणि शिकाऊ उतारांची उंची जास्त कामाची, कारण नवखी मंडळी तिथेच असतात.

फ्रान्समधलं व्हाल तोरांस हे गावच २३०० मीटरवर आहे. ऑस्ट्रियातलं किट्झब्यूल सुंदर जुनं गाव, पण ते आठशे मीटरच्याही खाली. जानेवारी २०२३ मध्ये आल्प्समध्ये इतकी ऊब होती की स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनची स्कीइंगची विश्वचषक शर्यत हिरव्या कुरणांमधून जाणाऱ्या कृत्रिम बर्फाच्या पांढऱ्या पट्ट्यावर झाली. कमी उंचीच्या ठिकाणी महिनाभर आधी पैसे भरून जाणं ही जोखीम आहे, ती ओळखून घ्यावी.

तरीही नुसत्या उंचीवर निकाल लावू नका. जपानमधल्या निसेकोचा माथा जेमतेम १३०० मीटरचा, पण सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि होक्काइडोच्या डोंगरांवर कोरडा, हलका बर्फ भरपूर ओततात. कॅनडातलं व्हिसलर प्रचंड मोठं आणि वरच्या भागात बर्फाने समृद्ध, पण समुद्रकिनाऱ्याजवळ असल्याने पायथ्याशी हिवाळ्यातही पाऊस पडतो. उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहेत तेही पाहा: उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन कमी लागतं आणि बर्फ टिकतो, दक्षिण गोलार्धात नेमकं उलट.

कृत्रिम बर्फाची सोय ही आता चैन राहिलेली नाही. त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते; दमट हवेत पारा आणखी खाली जावा लागतो. डोलोमाइट्समध्ये नैसर्गिक बर्फ बेभरवशाचा, पण हवा कोरडी आणि थंड, शिवाय जवळजवळ सगळ्या उतारांवर बर्फाच्या तोफा बसवलेल्या. म्हणून कमी बर्फाच्या वर्षातही तिथले उतार नीट राहतात. रिसॉर्टला विचारायचं ते हे: किती टक्के उतारांवर ही सोय आहे आणि गावात उतरणारी वाट त्यात येते का?

झाडांचाही विचार करा. ज्या उंचीनंतर झाडं उगवत नाहीत त्या रेषेच्या वर ढगाळ दिवशी आकाश आणि बर्फ एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, समोरचा खड्डा दिसत नाही, आणि वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद होतात. अशा दिवशी दुतर्फा झाडं असलेले उतार वाचवतात. फार उंचावरचं, झाडं नसलेलं रिसॉर्ट बर्फाची खात्री देतं, पण वादळाच्या दोन दिवसांत खोलीत बसायची तयारी ठेवावी लागते.

फार उंचीचा त्रासही असतो. अडीच हजार मीटरच्या वर झोपणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होऊ शकतं. कोलोरॅडोतलं ब्रेकेनरिज गावच सुमारे २९०० मीटरवर आहे आणि तिथली सर्वांत उंच चेअरलिफ्ट ३९०० मीटरच्या पुढे जाते. अशा ठिकाणी जायचं तर आधी एक-दोन रात्री खाली, डेन्व्हरसारख्या सोळाशे मीटरवरच्या शहरात काढाव्यात. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठिकाण ठरवावं.

पायरी ४: महिना ठरवा

उत्तर गोलार्धात हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. डिसेंबरच्या सुरुवातीला खालचे उतार उघडलेले नसतात, तेव्हा उंचावरचीच ठिकाणं धरावीत. नाताळ ते नवीन वर्ष हा सर्वांत महाग आणि गर्दीचा काळ. त्यानंतरचे जानेवारीचे आठवडे मला स्वतःला सर्वांत चांगले वाटतात: रांगा कमी, बर्फ थंड आणि टिकाऊ. दिवस लहान आणि थंडी बोचरी असते, हे मात्र मान्य करायला हवं.

फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागतात. फ्रान्समध्ये देशाचे तीन विभाग करून त्या आळीपाळीने दिल्या जातात, त्यामुळे गर्दी एका आठवड्यात संपत नाही, चारेक आठवडे पसरते. त्या वर्षीचं वेळापत्रक आधी बघा. अमेरिकेत जानेवारी आणि फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी असते, तिला जोडून येणारे शनिवार-रविवार टाळावेत. मार्चमध्ये ऊन वाढतं, मुलांना आणि नवशिक्यांना तेव्हा बरं वाटतं. उतार सकाळी कडक आणि दुपारी पाणचट होतात, म्हणून शिकवणी सकाळच्या मध्यावर ठेवावी. एप्रिलमध्ये जायचं तर उंच गाव किंवा हिमनदीच. ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स आणि स्वित्झर्लंडमधलं झेरमाट इथे तर हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालतं.

सुट्टी फक्त वर्षाच्या मधल्या महिन्यांत मिळत असेल, तर दक्षिण गोलार्धाकडे वळा. चिली, अर्जेंटिना, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात हंगाम जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर असतो.

पायरी ५: गाव आणि मुक्काम

लिफ्ट आणि खोली यांच्यामधलं अंतर मीटरमध्ये विचारा. "लिफ्टपासून पाच मिनिटं" हे कोणत्या बुटांत, चढावर की सपाटीवर, हे विचारल्याशिवाय मान्य करू नका. दारातून स्की घालून निघता आणि परत येता येईल असा मुक्काम महाग असतो. पण लहान मुलं सोबत असतील तर मी त्यासाठी बाकीचा खर्च कमी करेन. ते जमत नसेल, तर लिफ्टच्या पायथ्याशी स्की आणि बूट रात्रभर ठेवायचं कपाट मिळतं का ते पाहा. अनेक ठिकाणी भाड्याने स्की देणाऱ्या दुकानातच ही सोय असते. साध्या बुटांत चालत जाणं आणि स्कीच्या बुटांत चालत जाणं यात फार फरक पडतो.

फ्रान्समधली बरीच उंचावरची गावं स्कीइंगसाठीच वसवलेली आहेत. सोय उत्तम, इमारती ठोकळेबाज. आव्होरिआझ त्यातलं वेगळं: मोटारींना गावात प्रवेश नाही आणि गल्ल्यांमधूनच स्कीवरून जाता येतं. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये जुनी जिवंत गावं जास्त, पण लिफ्टपर्यंत चालणं किंवा बस आली. कुटुंबासाठी ऑस्ट्रियातलं झेरफाउस मला फार आवडतं. गावात मोटारींची वर्दळ नको म्हणून १९८५ पासून तिथे रस्त्याखालून भुयारी गाडी धावते आणि ती थेट लिफ्टपाशी सोडते. मुलांसाठीची जागाही तिथे प्रशस्त आहे.

विमानतळापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये न मोजता हिवाळ्यातल्या तासांत मोजा. घाटात बर्फ पडत असेल आणि शनिवार असेल, म्हणजे खोल्या बदलण्याचा दिवस, तर नेहमीच्या दुप्पट वेळ सहज लागतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी पोहोचता आलं तर अवश्य तसं करा.

पायरी ६: मुलं, आणि स्कीइंग न करणारे

मुलांसाठी स्की स्कूल कोणत्या वयापासून घेतं, एका वर्गात किती मुलं असतात, तुमच्या मुलाला समजेल अशा भाषेत शिकवणारे आहेत का आणि जेवणाच्या वेळेत मुलांना कोण सांभाळतं, हे चार प्रश्न लेखी विचारा. उत्तर मोघम आलं तर दुसरं ठिकाण बघा.

स्कीइंग न करणाऱ्यांसाठी चालण्याच्या दाबून केलेल्या बर्फवाटा, घसरगाडीचा उतार, पोहण्याचा तलाव आणि दुपारी सगळ्यांना भेटता येईल अशा जागी स्की नसलेल्यांनाही नेणारी लिफ्ट हवी. झेरमाटमध्ये तर गोर्नरग्राटला जाणारी डोंगरी रेल्वे थेट माथ्यावर पोहोचवते.

पायरी ७: आखलेल्या उतारांबाहेर जायचं असेल तर

गटात कोणाला ताज्या, न दाबलेल्या बर्फात उतरायचं असेल तर देशागणिक फरक समजून घ्या. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीच्या आतला बहुतेक भाग हिमस्खलनाच्या दृष्टीने तपासून मगच उघडतात. युरोपात ही जबाबदारी फक्त आखलेल्या उतारांपुरती असते. खुणेच्या खांबापासून चार पावलं बाहेर गेलं की धोका सर्वस्वी आपला. हिमस्खलनाच्या धोक्याचा पाच पातळ्यांचा इशारा रोज जाहीर होतो. तिसरी पातळी ऐकायला मधली वाटते, पण तिच्यातही जीव जातात. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं सोबत हवं, ते वापरण्याचा सराव हवा, आणि स्थानिक गाइड हवा. गुलमर्गसारख्या ठिकाणी गोंडोला ३९०० मीटरच्या पुढे सोडतो आणि वरचा बहुतेक डोंगर आखलेला नसतो, म्हणून तिथे वरच्या टप्प्यावर नवख्याला नेऊ नये.

पायरी ८: खर्चाची पूर्ण बेरीज आणि बुकिंगचा क्रम

दोन-तीन ठिकाणं उरली की प्रत्येकाची एकूण बेरीज करा: प्रवास, मुक्काम, लिफ्ट पास, स्की-बूट-हेल्मेटचं भाडं, शिकवणी, विमा. स्वस्त खोलीच्या ठिकाणी शिकवणी महाग निघते, असं होतं. अनेक दऱ्यांच्या मोठ्या संयुक्त पासच्या ऐवजी एकाच दरीचा पास घेतला तर बरेच पैसे वाचतात, आणि पहिल्या आठवड्यात नवशिक्याला तोही पूर्ण वापरता येत नाही. अनेक रिसॉर्ट आता पासचे दर मागणीनुसार बदलतात, त्यामुळे ऑनलाइन आधी घेतलेला पास खिडकीवरच्या पासपेक्षा स्वस्त पडतो.

सुट्ट्यांच्या आठवड्यात जायचं तर आधी स्की स्कूलमध्ये जागा आहे का ते विचारा, मग खोली घ्या, मग विमान. लोक उलट्या क्रमाने जातात आणि शेवटी मुलांना वर्ग मिळत नाही.

विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. स्कीइंग त्यात मुळात येतं का, आखलेल्या उतारांबाहेरचं येतं का, डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, आणि आपल्या धडकेने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई मिळते का? इटलीत हा शेवटचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे आणि तो लिफ्ट पाससोबत घेता येतो. नोव्हेंबर २०२५ पासून तिथे सर्व वयांच्या लोकांना हेल्मेटही सक्तीचं झालं आहे. पैसे भरण्याआधी बर्फ नसल्यामुळे लिफ्ट बंद राहिल्या तर पास आणि मुक्कामाचे पैसे परत मिळण्याच्या अटी काय आहेत, ते ईमेलवर लेखी मागून घ्या.